टँक कोण, हीलर कोण आणि चहा कोण करणार?

पटावरच्या गप्पा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर फार लांबलं, कारण ते वाचताना मला आमच्याच घरातली जुनी भांडणं आठवली. बाकीच्या तिघांनी रागावू नये.

पत्र पहिलं

ताई,
आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. दर दुसऱ्या रविवारी माझ्या घरी 'ग्लूमहेवन' हा राक्षसांशी लढायचा पटावरचा खेळ खेळतो. पैसे चौघांनी काढले, डबा माझ्याकडे असतो, कारण बाकी कुणाच्या घरी तेवढी जागाच नाही. आतापर्यंत अकरा सिनारिओ, म्हणजे मोहिमेतले टप्पे, झालेत. पहिल्या दिवशी सहाही क्लास, म्हणजे हीरोंचे प्रकार, टेबलावर मांडले आणि ज्याला जो आवडला तो त्याने उचलला. मी टिंकरर, बाकीचे ब्रूट, स्पेलवीव्हर आणि स्काउंड्रल. व्हिडिओ बघून खात्री केली की टीम बॅलन्स्ड आहे : एक टँक (पुढे राहून मार खाणारा), एक हीलर (जखमा भरणारा), दोन मारणारे.

पण झालंय असं, की स्काउंड्रल एकटाच अर्धे राक्षस मारतो, नाणी गोळा करतो, नवी हत्यारं घेतो आणि वर शेखी मिरवतो. स्पेलवीव्हरवाला आठव्या फेरीला संपतो आणि उठून सगळ्यांचा चहा टाकतो. गेल्या वेळी त्याने कांदेपोहेसुद्धा केले. मी नुसता हील करतो, दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा. ब्रूटवाला मार खातो आणि काही बोलत नाही. तो घरीही तसाच आहे. आता स्पेलवीव्हरवाला म्हणतोय, मला क्लास बदलून द्या, नाहीतर मी रविवारी झोपून काढतो. कोणते चार क्लास घेतले म्हणजे टीम खरोखर बॅलन्स होईल? सगळं पहिल्यापासून सुरू करावं का?
— चौघांतला कंपाउंडर, गोरेगाव (पूर्व)

अरे कंपाउंडर, पहिल्यापासून काहीही सुरू करू नका. नकाशावर स्टिकर चिकटवून झालेत, पाच महिन्यांचे रविवार त्यात गेलेत. आणि तुमच्या चौघांत चुकीचा क्लास एकही नाही.

टँक, हीलर, मारणारे ही वाटणी कॉम्प्युटरवरच्या खेळांतून आली आहे. तिथे हीलर मागे उभा राहून सगळ्यांचं आयुष्य भरत राहतो आणि तेवढ्यावर टीम तरून जाते. आयझॅक चिल्ड्रेसचा ग्लूमहेवन २०१७ साली आला, आणि त्यात आयुष्यापेक्षा महाग वस्तू आहे ती हातातली पानं. दर फेरीला दोन पानं खेळायची, एकाचा वरचा भाग, दुसऱ्याचा खालचा. पानं सरली की विश्रांती, आणि दर विश्रांतीला एक पान त्या सिनारिओपुरतं गेलं ते गेलंच. शिवाय काही मोठ्या चाली अशा की खेळली की ते पान तिथल्या तिथे बाद, ज्यांना आपण लॉस कार्ड म्हणतो. दोन पानं खेळता येईनात की हीरो दमला, अंगावर एक ओरखडा नसला तरी.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याशी पत्त्यांचा कॅट घेऊन मोजत उभी होते. एकही लॉस कार्ड खेळायचं नाही आणि फक्त शॉर्ट रेस्ट, म्हणजे पाळी न गमावता विश्रांती, घ्यायची, तर कोण किती फेऱ्या टिकतो? स्पेलवीव्हरचा हात आठ पानांचा, तो १६ फेऱ्या. स्काउंड्रलची नऊ पानं, २० फेऱ्या. ब्रूटची दहा, २५. तुझ्या टिंकररची बारा, तब्बल ३६. (पानांचा वर्ग करा, चारने भागा, अपूर्णांक टाकून द्या. आकडा तोच येतो. हे मला नंतर सुचलं, तोवर दोनदा मोजून झालं होतं आणि भात लागला होता.)

आता यात लॉस कार्ड घाल. स्पेलवीव्हरने पहिल्या चार फेऱ्यांत अशी तीन पानं उडवली, तर १६च्या ८ होतात. तुझा मित्र आठव्या फेरीला चहा का टाकतो ते कळलं? आगीचे लोळ बघून तुम्ही सगळे टाळ्या वाजवत असणार, त्यालाही मजा येत असणार, आणि चार फेऱ्यांनी पुढच्या खोलीचं दार उघडेपर्यंत तो गॅसजवळ. हीच उधळपट्टी टिंकररने पहिल्या सहा फेऱ्यांत केली तर? तीन लॉस कार्डं जाऊनसुद्धा २२ फेऱ्या उरतात. आमच्या घरी बहुतेक सिनारिओ पंधराच्या आतबाहेर आटोपतात. म्हणजे तुझ्या हातातली कितीतरी पानं प्रत्येक वेळी न वापरता डब्यात परत जात असतील. तुमच्याकडे ज्याच्या खिशात कमी तो उधळतोय, आणि ज्याच्याकडे भरपूर आहे तो मलम लावत बसलाय.

तेव्हा क्लास आहेत तेच ठेव, खर्च करणारा बदल. पहिल्या खोलीत मोठ्या चाली तू खेळायच्या. आणि हील जरा कमी कर. राक्षस मारून गेल्यावर मलम लावण्यापेक्षा त्याची पाळीच घालवावी. टिंकररकडे राक्षसाला बधिर करायची, जागच्या जागी खिळवायची सोय पहिल्या लेव्हलपासून आहे. बधिर झालेला राक्षस त्याच्या पाळीला काहीच करत नाही, आणि ब्रूटला जो मार बसलाच नाही तो भरून काढायला पान लागत नाही. एक्सपीचं, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचंही तसंच. या खेळात राक्षस मारल्याबद्दल एक्सपी मिळत नाही, तो पानांवर छापलेला असतो, आणि मोठ्या चालींवर बहुतेकदा असतोच. नुसतं हील करत बसशील तर लेव्हलमध्येही मागे राहशील.

स्पेलवीव्हरवाल्याला माझ्यातर्फे एकच प्रश्न विचार : 'रिव्हायव्हिंग ईथर' तू कधी खेळतोस? त्या पानाच्या वरच्या भागाने गेलेली सगळी पानं हातात परत येतात. ते तिसऱ्या-चौथ्या फेरीला खेळत असेल तर दोन-तीन पानंच परत येत असणार. हातात शेवटची दोन पानं उरेपर्यंत ते धरून ठेवलं तर, मघासारखंच एकही लॉस कार्ड न खेळता, आधीच्या १६ फेऱ्या आणि वर आणखी १२, म्हणजे कागदावर २८ होतात. प्रत्यक्षात इतक्या लागत नाहीत, म्हणून ईथर जपून ठेवलं की पूर्वार्धात दोनेक आगीचे लोळ खुशाल सोडावेत, ती पानं परत येणारच आहेत. जपायचं ते विश्रांतीच्या वेळी. शॉर्ट रेस्टमध्ये कोणतं पान जाणार ते नशीब ठरवतं, लाँग रेस्टमध्ये आपण ठरवतो. ईथर टाकलेल्या पानांत पडलं असेल त्या वेळी एक पाळी गेली तरी लाँग रेस्टच घ्यावी.

नव्या वाचकांना सांगते, मी लालबागची. पंचविशीपर्यंत कबड्डी खेळले, डावा कोपरा. गुडघ्याने दगा दिला, पुढची वर्षं बँकेच्या काउंटरवर गेली, आणि निवृत्तीनंतर भाच्याने ठाण्याहून हा जवळजवळ दहा किलोचा डबा दुपारच्या रिकाम्या लोकलने मांडीवर घेऊन आणला. कबड्डीत बाद झालेली मुलगी बाहेर बसते, पण साथीदारांनी गुण घेतला की आत येते. ग्लूमहेवनमध्ये दमलेला हीरो त्या सिनारिओत परत येत नाही. चौथा माणूस सहा फेऱ्या ओट्याशी उभा असेल तर टीम चार जणांची आणि राक्षस चार जणांसाठी मांडलेले, पण लढणारे तीनच. दमछाक तिथे होते. तुमच्या स्काउंड्रलने कितीही मारलं तरी.

त्या स्काउंड्रलबद्दल. त्याच्या बऱ्याच चालींना शत्रूच्या शेजारी आपला साथीदार उभा असेल तर जादा डॅमेज मिळतं. तो साथीदार बहुतेक वेळा तुमचा ब्रूट असतो, हो की नाही? कोपऱ्यातली मुलगी घोटा धरते, कव्हरवाली वरून झेप घेते, आणि पेपरात फोटो येतो तो झेप घेणारीचा. माझ्याकडे असा एक फोटो आहे. त्यात माझी फक्त चप्पट झालेली वेणी दिसते. पुढच्या वेळी प्रत्येक मोठ्या वाराला जादा डॅमेज कुणाच्या उभं राहण्यामुळे मिळालं, ते स्काउंड्रलवाल्याने मोठ्याने सांगायचं, असा नियम करा. दोन रविवारांत आवाज खाली येईल.

नाण्यांचं मात्र गंभीरपणे घ्या. या खेळात नाणी किंवा वस्तू एकमेकांना देता येत नाहीत, म्हणजे ज्याने उचललं त्याचंच. पण पाळी संपताना ज्या घरात उभे आहोत तिथली नाणी आपोआप आपली होतात, त्यासाठी पान लागत नाही. ब्रूट तसाही राक्षसांच्या गर्दीत उभा असतो. त्याने पाळी संपवताना एक घर इकडेतिकडे केलं तरी पुष्कळ.

आणि लेव्हल. सिनारिओची लेव्हल ठरते ती हीरोंच्या लेव्हलची सरासरी काढून, तिचं अर्धं करून, पुढच्या पूर्ण आकड्यावर नेऊन. चौघंही दुसऱ्या लेव्हलवर असताना सरासरी २, अर्धी १, राक्षस पहिल्या लेव्हलचे. एकटा स्काउंड्रल तिसरीवर गेला की सरासरी सव्वादोन, अर्धी एकाच्या किंचित वर, आणि राक्षस थेट दुसऱ्या लेव्हलचे. तो एकटा मोठा होतो, मार चौघांना वाढतो. नियमावलीत सोपी पातळी दिलेली आहे, लेव्हल एकाने उतरवायची. बाकीचे गाठेपर्यंत ती बिनदिक्कत वापरा. माझ्या भाच्याला हे कमीपणाचं वाटतं. तो सीए आहे, त्याला सगळीकडे पूर्ण कर भरायची सवय आहे.

एवढं करूनही स्पेलवीव्हरवाल्याला बदलायचंच असेल तर दोन सिनारिओंच्या मध्ये केव्हाही बदलू दे, नियमांत मोकळीक आहे. पहिल्या सहांतले दोन तुमच्याकडे बाकी आहेत. माइंडथीफची दहा पानं, पण आयुष्य सहाच. क्रॅगहार्टची अकरा पानं, आयुष्य दहा, सगळ्यातलं थोडं थोडं येतं. ज्याला लवकर संपायचा कंटाळा आलाय त्याला क्रॅगहार्ट मानवेल. फक्त त्याचे काही दगड आपल्याच माणसांना लागतात, तेव्हा आधी ब्रूटवाल्याला विचारा. तो नाही म्हणणार नाही, म्हणूनच विचारा.

आता तुझा मूळ प्रश्न, कोणते चार. आमच्या पहिल्या मोहिमेत आम्ही ब्रूट, माइंडथीफ, टिंकरर आणि स्काउंड्रल घेतले होते. तुझ्या व्हिडिओवाल्याने पाठ थोपटली असती. ब्रूट मी घेतला होता. कोपऱ्यातल्या मुलीला सगळं मैदान दिसतं, साखळी तिच्या हाकेवर हलते, ती सवय अंगात मुरलेली. माइंडथीफ शेजारच्या वहिनींची. प्रत्यक्षात ब्रूटही मी खेळत होते आणि माइंडथीफही. 'वहिनी, ते नको, दुसरं.' पानांवरचे आकडे एकमेकांना सांगायचे नाहीत असा नियम आहे, तो मी कधी मोडला नाही. मी नुसती भुवई उडवायचे. सहाव्या बैठकीनंतर वहिनी यायच्या थांबल्या. पुढे जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्याकडे येऊन दोन तास तुमचीच पानं धरून बसायचं, त्यापेक्षा घरी बसून मेथी निवडते."

तेव्हापासून आमच्याकडे निवडीचा क्रम उलटा आहे. ज्याचा आवाज मोठा तो शेवटी निवडतो, म्हणजे मी. कमी बोलणाऱ्याला पहिली निवड, आणि त्याच्यापुढे क्लासचे डबे ठेवायचे नाहीत. आधी विचारायचं : तुला समोर उभं राहायचंय, लांबून मारायचंय, दुसऱ्याच्या चालीत खोडा घालायचाय, की काय जपायचं काय उधळायचं याचा हिशेब करायचाय? उत्तर आलं की मग डबे. शेवटी उरलेल्याने जे कमी पडतंय ते घ्यायचं आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही. वहिनी दोन गणपतींनंतर परत आल्या, क्रॅगहार्ट घेतला, आणि त्यांचा दगड माझ्या पाठीत पडतो तेव्हा त्या "सॉरी" म्हणतात, पण हसतात.

तुमचा ब्रूटवाला पहिल्या दिवशी कितवा निवडायला बसला होता, ते मला कळव. तुमच्यापैकी कुणाचा खेळाने नेमून दिलेला वैयक्तिक हेतू पूर्ण झाला की त्याचा हीरो निवृत्त होईल आणि एक बंद डबा उघडेल. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही, पण त्या दिवशी क्रम उलटा लावून बघा.

पत्र दुसरं

नमस्कार ताई,
माझी मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. दिवाळीत 'हीरोक्वेस्ट' घेतला. मी झार्गॉन, म्हणजे राक्षस चालवणारा, होते, मुलं हीरो. धाकट्याला विझार्डच हवा असतो आणि तो पहिल्या दोन खोल्यांत मरतो. मग रडारड. मोठी बार्बेरियन घेऊन सगळं साफ करते आणि त्याला चिडवते. धाकट्याला विझार्ड देऊच नये का?
— मुलुंडची आई

विझार्ड जरूर द्या, पण एकटा देऊ नका. हा मूळचा १९८९चा खेळ, २०२१ला नव्याने आला, आणि तो चार हीरोंना धरून बांधलेला आहे. दोन मुलं असतील तर प्रत्येकाने दोन हीरो घ्यावेत. जोड्या अशा लावा : धाकट्याला बार्बेरियन आणि विझार्ड, मोठीला ड्वार्फ आणि एल्फ.

बार्बेरियनचे बॉडी पॉइंट, म्हणजे आयुष्य, ८, विझार्डचे ४, मिळून १२. ड्वार्फचे ७, एल्फचे ६, मिळून १३. हल्ल्याचे फासे एकीकडे ३ आणि १, दुसरीकडे २ आणि २, दोन्हीकडे चारच. इतकी सरळ वाटणी आईलासुद्धा एरवी जमत नाही. धाकट्याला लाडका विझार्ड मिळतो आणि त्याच्यापुढे दारात उभा करायला बार्बेरियनही. मोठी म्हणेल, मला बार्बेरियन नाही. तिला सांगा की हत्यारांच्या पेटीशिवाय सापळे निकामी करता येतात ते एकट्या ड्वार्फला. तेराव्या वर्षी 'हे फक्त तुलाच येतं' याला फार किंमत असते.

मंत्रांची वाटणी मात्र नीट करा. चार तत्त्वांतलं एक विझार्ड आधी घेतो, मग एल्फ एक घेतो, उरलेली दोन पुन्हा विझार्डची. गेलेले चारपर्यंत बॉडी पॉइंट भरून देणारा मंत्र पाण्यातही आहे आणि पृथ्वीतही. यातलं एक एल्फकडे जाऊ द्या, दुसरं विझार्डकडे. म्हणजे आपला हीरो वाचवायला दोन्ही मुलांना कधी ना कधी दुसऱ्याचं तोंड बघावं लागेल, आणि चिडवणं आपोआप महाग होईल.

बाकी एक तुमच्याबद्दल, रागावू नका. विझार्ड पहिल्या दोन खोल्यांत मरतो, म्हणजे झार्गॉन त्याच्यावरच धावून जातो. फाशावर हीरोंची पांढरी ढाल दोन बाजूंना असते आणि राक्षसांची काळी एकाच बाजूला, म्हणजे खेळ मुळात हीरोंच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. पण चार बॉडी पॉइंटवर तिघांनी तुटून पडलं की तो झुकाव कामाला येत नाही. राक्षस जवळच्या हीरोकडे जातो, एवढा साधा नियम स्वतःला घाला. मोहिमेत १४ कामगिऱ्या आहेत, बदला घ्यायला पुढे वेळ आहे.

पत्र तिसरं

ताई, आम्ही कांदिवलीत चौघं 'जॉज ऑफ द लायन', म्हणजे धाकटा ग्लूमहेवन, खेळतो. रविवारी लोकलचा जम्बो ब्लॉक असला की विरारचा मित्र येत नाही. त्याचा हीरो, हॅचेट, आम्ही चालवावा का? नाहीतर टीम कच्ची पडते.
— तिघे उरलेले

चालवू नका. तुमच्याकडे जम्बो, आमच्या मध्य रेल्वेवर मेगा, पण प्रश्न तोच आणि आम्ही तो करून बघितलाय. दुसऱ्याचा हीरो तीन जणांनी मिळून चालवला की तो कुणाचाच राहत नाही आणि प्रत्येक फेरीला दहा मिनिटं चर्चा होते. शिवाय त्याच्या आवडत्या कुऱ्हाडीचं टोकन पटावर विसरलात तर पुढच्या रविवारी भांडण ठरलेलं.

सिनारिओ तिघांसाठी मांडा. दोघं, तिघं, चौघं यांप्रमाणे कोणते राक्षस ठेवायचे आणि कोणते नाहीत, ते सिनारिओच्या पानावरच दिलेलं असतं. सरासरी लेव्हल हजर असलेल्यांचीच धरा. उरलेल्यांत रेड गार्ड, डेमोलिशनिस्ट आणि व्हॉइडवॉर्डन म्हणजे अजिबात कच्ची टीम नाही. फक्त व्हॉइडवॉर्डन बरंचसं काम दुसऱ्यांकडून करून घेते, आणि करून घ्यायला आता दोघंच आहेत, हे लक्षात ठेवून तिने मारायची पानं जरा जास्त उचलावीत. विरारच्या मित्राचा हीरो मागे पडला तर काळजी नको, सगळे मिळून २५ सिनारिओ आहेत, एक-दोन लोकलने नेले तरी तो गाठतो.

या खेळातले चारही हीरो मोठ्या ग्लूमहेवनमध्ये चालतात, हे जाता जाता. वरचे गोरेगावकर तुमच्यापासून दोन स्टेशनांवर आहेत.

पत्र चौथं

ताई, पावसाळ्यात ग्लूमहेवनमधल्या माझ्या मॉडिफायरच्या, म्हणजे वाराचं डॅमेज कमीजास्त करणाऱ्या पानांच्या, गड्डीतलं 'दुप्पट'चं पान वाकलं. आता पाठीमागूनही ओळखू येतं. मित्र म्हणतात मी बघून ओढतो. मी बघत नाही, पण दिसतं.
— भांडुप

दिसतं म्हणजे बघतोसच. वीस पानांत दुप्पट एकच असतं आणि शून्यही एकच, त्यांपैकी एक जरी ओळखीचं झालं तरी हीरो कितीही मोजूनमापून निवडलेले असोत, पारडं तुझ्याकडे झुकलं. सगळ्या वीस पानांना प्लास्टिकची कव्हरं घाल, एकट्या वाकलेल्याला नको, नाहीतर ते आणखीच ओळखू येईल. गड्डी तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नको. मी ऐकला होता. पान सरळ झालं, पण टिंकररच्या डब्यातून पोरकिडे निघाले. जाड पुस्तकाखाली चार दिवस दाबून ठेव, आणि ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत तुझी पानं शेजाऱ्याला ओढू दे.